पायथ्यापर्यंतचा रस्ता : मुंबईहून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड

मुंबईहून सह्याद्रीत जाणाऱ्या बहुतेक गटांचा शिरस्ता ठरलेला असतो. शुक्रवारी कामावरून सुटायचे, रात्री अकरा-बाराच्या सुमारास दादर किंवा ठाण्याहून गाडी काढायची, पहाटे पायथ्याच्या गावात उतरायचे आणि चहा घेऊन लगेच चढाईला लागायचे. पायथा महामार्गालगत असेल तर हे निभावून जाते. परंतु ज्या गावाकडे जाणारा शेवटचा वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता अरुंद, उखडलेला आणि निर्मनुष्य असतो, तेथे हा शिरस्ता मोडलेला बरा. कारण चालकाला सर्वाधिक सावध राहावे लागते तो टप्पा नेमका पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, डोळ्यांवर झोप असताना वाट्याला येतो. त्यामुळे अशा ट्रेकची आखणी करताना आधी गाडीरस्त्याचा दिवस ठरवावा आणि मग चढाईचा.

येथे उदाहरणादाखल हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट घेतली आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील या गडावर जायला अनेक वाटा आहेत. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब आणि दमछाक करणारी आहे, तर बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट केवळ अनुभवी आणि सोबत दोर बाळगणाऱ्या गटांसाठी आहे. पाचनईची वाट चढायला सर्वांत सोपी म्हणून ओळखली जाते, पण मुंबईकरांना तिथवर पोहोचणेच सर्वांत अवघड जाते.

रस्त्याची निवड आणि चौकशी

मुंबईहून पाचनईला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला इगतपुरी-घोटीवरून बारी आणि राजूरमार्गे जातो; दुसरा कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट चढून ओतूर, ब्राह्मणवाडा आणि कोतूळमार्गे. दोन्हींचे अंतर, शहराच्या कोणत्या टोकाहून निघता त्यानुसार, दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून चारचाकीने जाणाऱ्यांना कसारा घाट टाळता येतो आणि पहिला मार्ग बराच सोयीचा झाला आहे. समृद्धीवर दुचाकींना मनाई असल्यामुळे मोटारसायकलवाल्यांना मात्र जुन्या महामार्गानेच जावे लागते. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात मी तरी राजूरचाच मार्ग सुचवीन.

राजूरपर्यंत फारशी चिंता नसते. त्यापुढचा रस्ता मात्र दर पावसाळ्यात बदलतो. एखाद्या वर्षी नवे डांबर पडते, दुसऱ्या वर्षी त्याच जागी खडी आणि मुरूम उरतो, एखाद्या मोरीची कड ढासळलेली असते. गेल्या वर्षी कोणी काय लिहिले किंवा नकाशाचे ॲप किती मिनिटे दाखवते, यावर येथे विसंबू नये. खराब रस्त्यावर ताशी पंधरा ते वीस किलोमीटरचा वेग धरून हिशेब करावा, म्हणजे पंचवीस किलोमीटरला दीड तास सहज लागतो.

चौकशी कशी करावी हे महत्त्वाचे आहे. गावात ज्यांच्याकडे मुक्काम ठरवला आहे त्यांना फोनवर "रस्ता चांगला आहे ना?" असे विचारले, तर "चांगलाय की, या तुम्ही" हेच उत्तर येईल. त्यात त्यांचा दोष नाही. वर्षभर त्याच रस्त्याने बाजाराला आणि दवाखान्यात जाणाऱ्यांच्या लेखी तो चांगलाच असतो. त्याऐवजी असे विचारावे : "मामा, या आठवड्यात एसटी रोज येते का? शेवटची लहान गाडी कधी आली? वाटेत ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहते का?" एसटी येत असेल तर रस्ता उघडा आहे एवढे निश्चित, परंतु एसटीचे तळ उंच असते, त्यामुळे ती आली म्हणून आपली सेडान येईल असे धरून चालू नये. एसटी बंद झाली असेल, तर बेत पुढे ढकलणे इष्ट.

गाडीविषयी

चारचाकी घालावीच लागते असे नाही. कसारा लोकल पकडून पुढे एसटी किंवा काळी-पिवळी जीप यांच्या टप्प्याटप्प्याच्या जोडणीने राजूरपर्यंत जाता येते. मात्र राजूरहून पुढे गाड्या मोजक्याच असल्यामुळे तेथून जीप आधी बोलावून ठेवणे उत्तम. स्थानिक चालकाला कोणत्या वळणावर खड्डा कुठे आहे हे पाठ असते, आणि परतीच्या वेळी आपल्या गटातील कोणालाही दमलेल्या पायांनी क्लच दाबावा लागत नाही. पाच-सहा जणांत खर्च वाटला, तर तो फार जड जात नाही.

स्वतःची गाडी न्यायची असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी स्टेपनीतली हवा तपासावी. चार टायर सगळेच तपासतात; डिकीतल्या पाचव्याची आठवण पंक्चर झाल्यावरच येते आणि तेव्हा तो बसलेला असतो. जॅक आणि व्हील पाना गाडीत आहे का, आणि त्या पान्याने नट खरोखर सुटतात का, हे सोसायटीच्या पार्किंगमध्येच करून पाहावे. गॅरेजमध्ये मशीनने आवळलेले नट हाताने न सुटण्याचा प्रसंग दुर्मीळ नाही. जॅकखाली ठेवायला लाकडाची एक जाड फळी बरोबर असावी, कारण मुरुमाच्या मऊ जमिनीत जॅक वर उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुततो. इंधन घोटीत किंवा ओतूरमध्ये पूर्ण भरून घ्यावे.

टायरमधली हवा थोडी कमी केली की खडीवर गाडी कमी आदळते हे खरे आहे, पण तसे करायचे तर पुढे हवा भरायचा छोटा पंप सोबत लागतो. समृद्धीसारख्या सिमेंटच्या वेगवान रस्त्यावर कमी हवेच्या टायरने जाणे म्हणजे टायर तापून फुटण्याला आमंत्रण आहे. पंप नसेल तर कंपनीने सांगितलेल्या दाबालाच हात लावू नये आणि वेग कमी ठेवावा.

उखडलेल्या चढावर पहिला गिअर टाकून एका लयीत चढावे, मध्येच थांबून हाफ क्लचवर गाडी तोलू नये. मोठा दगड दिसला तर तो दोन चाकांच्या मध्ये घेण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास चेंबर घासतो आणि ऑइल गळू लागते. त्यापेक्षा एक चाक सावकाश दगडावरून नेलेले परवडते. शंका आली की एकाने उतरून पुढे चालत जावे आणि हाताने खूण करावी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल, तर गाडी घालूच नये. फूटभर वाहते पाणीही लहान गाडीला कडेला ढकलायला पुरेसे असते. घाटमाथ्यावरचे ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात, म्हणून तेथे थांबणे हाच उपाय आहे. चढणाऱ्या वाहनाला वाट देण्याचा घाटातील नियम येथेही पाळावा, आणि समोरून एसटी आली तर रुंद जागा सापडेपर्यंत आपणच मागे जावे.

पायथ्याचा मुक्काम

शनिवारी सकाळी सहाला मुंबई सोडली, तर वाटेत जेवूनही दुपारी तीनपर्यंत पाचनईत पोहोचता येते. डिसेंबरात मुंबईतच सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत अंधार त्याहून लवकर होतो, म्हणून हा वेळेचा सैलपणा ठेवावा. पंक्चर झाले तरी उजेडात गावात पोहोचता आले पाहिजे.

गाडी कुठे लावायची हे विचारूनच लावावे. गावाच्या तोंडाशी दिसणारी ऐसपैस मोकळी जागा बहुधा एसटी वळवायची असते. तेथे गाडी लावून आपण गडावर गेलो, तर दूरच्या वाड्यांतून आलेल्या माणसांची बस खोळंबते. सुगीच्या दिवसांत खळ्यात किंवा खळ्याच्या वाटेवरही गाडी लावू नये. जेवण आणि झोपण्याची सोय घरांतून होते. भाकरी, पिठले, वरण-भात असे साधे जेवण असते. किती माणसे येणार हे आदल्या दिवशी नक्की कळवावे आणि कमी माणसे आली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यावेत. रोख रक्कम सुट्या नोटांत जवळ ठेवावी, कारण नेटवर्क नसले की क्यूआर कोडचा उपयोग होत नाही.

राजूर सोडल्यावर मोबाइलचा भरवसा धरू नये. निघण्यापूर्वी मुंबईतील एका विश्वासू व्यक्तीला लेखी कळवून ठेवावे : पायथ्याचे गाव, जायची वाट, गाडीचा क्रमांक, सोबत्यांची नावे, ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा फोन, आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा ती वेळ. ही वेळ नेहमीच्या अंदाजाहून तीन-चार तास पुढची द्यावी, नाहीतर एका पंक्चरपायी घरचे हवालदिल होतात. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक सर्वांना माहीत असतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांकही आधीच शोधून कागदावर लिहून ठेवावा. नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्यावा. नेटवर्क नसतानाही जीपीएस चालतो, आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवल्यास नेटवर्क शोधण्यात वाया जाणारी बॅटरी वाचते.

चढाई

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर शुल्क भरून नोंद करावी आणि गडावर त्या दिवशी राहण्यास किंवा तंबू लावण्यास परवानगी आहे का हे तेथेच विचारावे. रविवारी सकाळी सहाला निघाल्यास मध्यम चालीने अडीच ते तीन तासांत मंदिरापाशी पोहोचता येते. वाट मळलेली आहे, अवघड जागी लोखंडी रेलिंग आहे. पुढे वाट एका प्रचंड कातळकड्याच्या पोटातून आडवी जाते; डोक्यावर दगडाचे छत आणि एका बाजूला दरी अशी ही जागा उन्हाळ्यात सुखाची वाटते, पण तेथे गटाने घोळका करून थांबू नये, कारण वरून दगड सुटू शकतात. त्यानंतर ओढा लागतो. पावसाळ्यात तो ओलांडायचा की नाही याचा निर्णय गावातील वाटाड्याच्या हाती सोपवावा.

माणशी किमान तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, टॉर्च आणि चांगली पकड असलेले बूट एवढे असल्याशिवाय निघू नये. कड्याकपारींत आग्या मोहोळ असते, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवावा, हे वेगळे सांगण्याची वेळ यावी याचे वाईट वाटते.

गडावर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, चारांपैकी एकच खांब शाबूत राहिलेली केदारेश्वराची लेणी, १,४०० मीटरहून उंच तारामती शिखर आणि कोकणकडा हे सर्व एका सकाळी पाहायचे तर घाई होते. तारामती सोडून द्यावे आणि कोकणकड्याला वेळ द्यावा. मंदिरापासून कडा अर्ध्या-पाऊण तासावर आहे. त्याची कड आत वळलेली असल्याने आपण कोणत्या खडकावर उभे आहोत आणि त्याखाली काय आहे हे वरून दिसत नाही. कडेपासून दोन-तीन हात मागेच राहावे. धुके असेल तर मंदिर आणि कडा यांमधील पठारावर वाट चुकणे फार सोपे आहे. अशा वेळी वाटाड्याशिवाय मंदिरापुढे जाऊ नये.

परतीचा प्रवास

अकरा वाजता कड्यावरून मागे फिरावे, म्हणजे दीड-दोनपर्यंत गावात उतरता येते. उतरून जेवल्यावर चालकाने अर्धा-पाऊण तास आडवे व्हावे. बाकीच्यांनी तोवर भांडी-ताटांचा, गाडी राखल्याचा आणि वाटाड्याचा हिशेब पुरा करावा. साडेतीनच्या आत गाडी निघाली, तर खराब टप्पा उजेडात संपतो. रविवारी संध्याकाळी शहापूर ते ठाणे या पट्ट्यात कोंडी होतेच, तेव्हा तिला चुकवण्यासाठी राजूरच्या रस्त्यावर वेग वाढवण्यात अर्थ नाही.

घोटीला पोहोचल्यावर गाडी थांबवून चारही टायरच्या बाजूंवरून हात फिरवावा. खडीने टायरच्या कडेला पडलेली चीर किंवा आलेला फुगा सावकाश चालताना जाणवत नाही, पण समृद्धीवर ताशी शंभरच्या वेगाला तोच टायर फुटतो. असा टायर दिसला तर तेथेच स्टेपनी चढवावी, आणि स्टेपनी आकाराने लहान असेल तर समृद्धी सोडून जुन्या महामार्गाने ताशी साठच्या आत घर गाठावे.