डोलकाठीवरच्या अँटेनाचा कनेक्टर खाऱ्या हवेतून कसा वाचवायचा

व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओ सेटवर, आवाज येतोय, म्हणून अँटेना ठीक आहे असं धरून चालू नका. कळंक चढलेल्या कनेक्टरमधूनसुद्धा शेजारच्या लाँचवाल्यांच्या गप्पा स्वच्छ ऐकू येतात. अडतं ते आपण बोलायला लागल्यावर. सेट २५ वॅट सोडतो, पण वर किती पोचतात ते केबल आणि तिच्या टोकांचे जोड ठरवतात.

मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटींची वायरिंगची कामं मी करतो. पावसाळ्याआधी बऱ्याच बोटी पाण्याबाहेर निघतात, काहींच्या डोलकाठ्याही उतरवतात. गणपती आटोपले की, डोलकाठी पुन्हा उभी करायच्या आत, हे काम उरकून घ्यायचं. खाली, सावलीत. वर खुर्चीत लटकून सोल्डरिंग करायला गेलं की वारा टोक तापूच देत नाही आणि जोड कच्चा राहतो.

बहुतेक बोटींवर पीएल-२५९ जातीचा प्लग असतो. तो मुळात पाणबंद नाहीच, कितीही घट्ट पिळा. आट्यांमधून ओल आत जाते आणि केबलची जाळी, म्हणजे मधल्या तारेभोवती विणलेलं बारीक तारांचं वेष्टन, ती ओढून घेते, पार हातभर आतपर्यंत. म्हणून वरून चकचकीत दिसणाऱ्या प्लगवर विश्वास न ठेवता आधी मोजा. केबल दोन्ही टोकांना सोडवा. मल्टिमीटर ओहमवर लावा. मधली तार आणि जाळी यांच्यात त्याने कसलाच जोड दाखवता कामा नये. मग एका टोकाला दोन्ही एकत्र टेकवून दुसऱ्या टोकाला मोजा, आकडा शून्याच्या जवळ हवा. अँटेना जोडलेली ठेवून हे करू नका. काही अँटेनांमध्ये आतली कॉइल मुद्दाम जाळीला जोडलेली असते. मीटर शॉर्ट दाखवतो आणि लोक चांगली अँटेना भंगारात टाकतात.

आता प्लग कापा. सरळ कापाच, खरवडत बसू नका. जाळी काळी निघाली तर चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. हातभर कापूनही काळीच असेल तर केबल बदला. बदलताना कल्हई केलेल्या तारांची, मरीन म्हणून मिळणारी घ्या. जाडीही बघा: आरजी-५८ ही बारीक केबल २० मीटर ओढली तर नवी कोरी असतानाही २५ पैकी जेमतेम १० वॅट वर पोचतात. आरजी-२१३ वर सोळाच्या आसपास, पण ती जड आणि हट्टी. वर थोडी जास्तीची केबल वळण देऊन ठेवा. थेंब वळणाच्या तळाशी गळून पडतो, आणि पुढच्या वेळी कापायलाही केबल उरते.

प्लग लॅमिंग्टन रोडवर हवे तितके स्वस्त मिळतात. आतला भाग पांढऱ्या टेफ्लॉनचा आहे ना, ते बघून घ्या. साध्या प्लॅस्टिकचा सोल्डरच्या उष्णतेने मऊ पडतो आणि पिन वाकडी होते. अँटेनाचा सॉकेट आधी गोड्या पाण्याने पुसा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हा क्रम महत्त्वाचा, कारण अल्कोहोलमध्ये मीठ जवळपास विरघळत नाही. पूर्ण वाळू द्या. आट्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, पिनेला अगदी नावापुरता. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, पण प्लग घट्ट बसला की धातूला धातू टेकतो आणि उरलेल्या फटी ग्रीस भरून काढतं.

मग टेप. आधी साध्या विनाइल टेपचा एक थर, म्हणजे पुढच्या वर्षी सगळं सोलून काढता येतं. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, ताणून जवळजवळ दुप्पट लांब करत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत. सुरुवात खाली केबलपासून, शेवट वर अँटेनाच्या बुडाशी. कौलं शाकारतात तसं: वरचं खालच्यावर, म्हणजे पाणी ओघळून जातं. उलट गुंडाळलीत तर प्रत्येक वेढा पाणी धरून ठेवेल. रबरी टेपचं उन्हापासून रक्षण करायला वर पुन्हा विनाइल टेप, आणि तिचं शेवटचं टोक न ताणता दाबून बसवा. ताणलेलं टोक आठवडाभरात सुटून फडफडायला लागतं.

बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन मात्र इथे नको. ज्याला सिरक्यासारखा वास येतो त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, आणि ते तांबं खातं.

सगळ्यात वाईट जागा डोलकाठीच्या बुडाशी, डेकवरच्या जोडाची. लाटेचं पाणी तिथे थेट बसतं, येणाऱ्याजाणाऱ्याचा पायही. जमलं तर तो जोड काढूनच टाका, केबल डेकमधून सरळ केबिनमध्ये घ्या आणि आत, हाताला येईल अशा कोरड्या जागी जोडा.

डोलकाठी उभी करून अँटेना जोडली की एसडब्ल्यूआर मोजा, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप; त्याचा मीटर सेट आणि केबल यांच्यामध्ये लावतात. १.५ च्या आत उत्तम, २ पर्यंत चालेल, ३ च्या वर असेल तर बोलायचं बटण दाबू नका, सेट जायचा. आकडा आणि तारीख सेटमागच्या फळीवर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आकडा वाढला असेल तर वर चढण्याआधी खालचा जोड उघडा. आणि काहीही न करता कमी झाला असेल, तर जास्तच संशय घ्या: भिजलेल्या केबलमध्ये परतणारी शक्ती वाटेतच जिरते आणि मीटरला सगळं छान दिसतं. अशा वेळी मीटर केबलच्या वरच्या टोकाशी लावून तिथे किती वॅट येतात ते बघायचं.