नेब्रास्काचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? नीट भांडायचं कसं ते सांगते

२००१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकनला राहायला आलो, तेव्हा फुटबॉल पायाने खेळतात एवढंच मला ठाऊक होतं. ऑक्टोबर संपायच्या आत मी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात उभी राहून ओरडत होते. नेब्रास्का विद्यापीठाचा ओक्लाहोमा विद्यापीठाशी अमेरिकन फुटबॉलचा सामना चालला होता. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक एरिक क्राउच याने चेंडू थंडर कॉलिन्सच्या हातात दिला, कॉलिन्सने तो उलट्या दिशेने येणाऱ्या माइक स्टंट्झला दिला, आणि स्टंट्झने तो लांब फेकला तो थेट क्राउचकडेच! तोवर क्राउच गुपचूप पुढे सटकला होता. ६३ यार्डांचा टचडाऊन, म्हणजे चेंडू थेट मैदानाच्या टोकापलीकडे, सहा गुण. चेंडू फेकणं ज्याचं काम, त्यानेच तो झेलून पळत सुटावं, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी जाहीर करून टाकलं, "याच्याहून मोठा खेळाडू इथे झालाच नसणार."

शेजारच्या आजोबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि मला खाली बसायला सांगितलं. (पुढे माझ्या मुलीने त्यांना 'आजोबा' करून टाकलं, म्हणून मीही तेच म्हणते.) पुढचा अर्धा तास मी जॉनी रॉजर्स या माणसाबद्दल ऐकलं.

तो वाद अजून मिटलेला नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं मी त्यात सपाटून हरले, कारण मला खेळाडू माहीत होते, पण भांडायचं कसं ते माहीत नव्हतं. आता बऱ्यापैकी जमतं. उदाहरणं सगळी नेब्रास्काचीच देते, कारण दुसऱ्या कुठल्या टीमसाठी मी कधी घसा बसवलेला नाही.

सगळ्यात आधी, नाव घेण्याआधी, 'मोठा' म्हणजे काय ते ठरवून घ्या. आमची निम्मी भांडणं याच्यामुळेच वाया गेली. आजोबा 'सगळ्यात गुणी कोण' याचं उत्तर देत होते, माझा नवरा 'कोणाचा एक हंगाम सगळ्यात भारी' याचं, आणि मी 'टीमला कोणी जिंकवलं' याचं. प्रश्न तीन आणि आवाज एकच. एका हंगामाचाच हिशेब असेल तर माइक रोझियरला हलवणं अवघड आहे: १९८३ मध्ये २७५ वेळा चेंडू घेऊन २,१४८ यार्ड, म्हणजे दर वेळी जवळपास आठ यार्ड, आणि २९ टचडाऊन. जिंकण्याचा हिशेब असेल तर टॉमी फ्रेझियर. त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या ३६ सामन्यांपैकी ३३ नेब्रास्काने जिंकले, आणि १९९४ व १९९५ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. गुणांचा हिशेब असेल तर आजोबांचा रॉजर्स. तो पळायचा, झेलायचा, पंट (समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू) झेलून परत आणायचा आणि वेळ पडली तर फेकायचाही. आमच्याकडे आता कोणी नाव घेतलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या यादीत?"

आकड्यांकडे जायचं तर जपून. आकडा खोटा नसतो, पण तो कशाकशाचा आहे हे विचारावं लागतं. माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली. मी एकदा क्राउचचे आणि रॉजर्सचे कारकिर्दीचे आकडे शेजारी शेजारी लिहून नेले. आजोबांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "याची वर्षं किती आणि त्याची किती?" १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य टीमकडून खेळायची परवानगीच नव्हती. रॉजर्सला १९७० ते १९७२ असे तीनच हंगाम मिळाले, क्राउच १९९८ ते २००१ असे चार खेळला. कागद घडी घालून मी पर्समध्ये ठेवला.

दुसरा खड्डा बोल सामन्यांचा. हंगामानंतरच्या या सामन्यांतले आकडे २००२ पूर्वी एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, अधिकृत हिशेबात धरतच नसत. म्हणजे काय होतं बघा. १ जानेवारी १९७३ ला ऑरेंज बोलमध्ये रॉजर्सने नोत्र दामविरुद्ध तीन टचडाऊन पळून केले, एक झेलून केला आणि एक फेकून करवला. नेब्रास्का ४०-६ ने जिंकली. हंगामाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. १९८४ च्या ऑरेंज बोलमध्ये जायबंदी होऊन बाहेर जाईपर्यंत रोझियरने काढलेले १४७ यार्डही त्या २,१४८ मध्ये नाहीत. आजच्या खेळाडूचे मात्र सगळे धरतात. त्यामुळे जुन्या आणि नव्याची तुलना करताना बोल वेगळे काढा, नाहीतर दोघांचेही मिळवा.

तिसरं म्हणजे सामने किती होते. १९५० चा बॉबी रेनॉल्ड्स आता कोणाच्या तोंडी नसतो. त्या पोराने ९ सामन्यांत १५७ गुण केले: सहा गुणांचे २२ टचडाऊन, वर एकेका गुणाच्या २५ किक. सामन्याला सतरा गुणांहून जास्त. आजच्या बारा सामन्यांच्या हंगामाला या वेगाने गुणा आणि समोरच्याचं तोंड बघा.

आणि क्वार्टरबॅकचे फेकीचे यार्ड घेऊन तर भांडायला येऊच नका. फ्रेझियरचे प्रशिक्षक टॉम ऑसबर्न यांची टीम ऑप्शन खेळायची. त्यात क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेला पळतो आणि समोरचा बचावपटू कोणावर झेपावतो ते पाहून ऐन क्षणी ठरवतो, स्वतः घुसायचं की मागच्याकडे टाकायचा. फ्रेझियरचे फेकीचे आकडे आजच्या एखाद्या सामान्य पोरापेक्षाही कमी दिसतील. त्याला फेकायचं कामच थोडं होतं.

यानंतर जुनी फिल्म बघायची. हे टाळून चालत नाही. आणि एकदा बघून भागत नाही.

आजोबांनी मला २५ नोव्हेंबर १९७१ चा पंट रिटर्न पहिल्यांदा दाखवला तेव्हा मला फक्त एक माणूस पळताना दिसला. थँक्सगिव्हिंगचा दिवस, ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं मैदान, पहिल्या क्रमांकाची नेब्रास्का आणि दुसऱ्या क्रमांकाची ओक्लाहोमा. "परत बघ, सुरुवात बघ," आजोबा म्हणाले. तिसऱ्यांदा बघताना कळलं की ही धाव पहिल्या सेकंदालाच संपायला हवी होती. रॉजर्स चेंडू झेलतो तोच ओक्लाहोमाचा ग्रेग प्रुइट त्याच्या अंगावर येऊन आदळतो. रॉजर्स गरकन फिरतो, तोल जातो, एक हात गवताला टेकतो, आणि त्या हाताच्या आधाराने तो पुन्हा उभा. मग गर्दीतून वाट काढत ७२ यार्ड. सामना ३५-३१. (ओक्लाहोमाची माणसं आजही म्हणतात की शेवटी नेब्रास्काच्या जो ब्लाहाक याने समोरच्याला अडवलं ते पाठीमागून होतं आणि दंड व्हायला हवा होता. हा विषय आजोबांसमोर मी एकदा काढला. पुन्हा काढणार नाही.)

फ्रेझियरची धाव मी स्वतः शोधून काढली. १९९६ चा फिएस्टा बोल, समोर फ्लोरिडा, तिसरा क्वार्टर संपत आलेला. ऑप्शनवर तो चेंडू स्वतःकडेच ठेवतो आणि दहा-बारा यार्ड पुढे गेल्यावर फ्लोरिडाच्या पोरांचा घोळका त्याला धरतो. कोणी कमरेला, कोणी खांद्याला. तिथे शिट्टी होणार असं वाटतं. आवाज बंद करून फक्त त्याचे पाय बघा. ते थांबतच नाहीत. छोटी छोटी पावलं चालूच राहतात, घोळका त्याच्याबरोबर सरकतो, मग एकेक जण गळून पडतो, आणि अचानक तो एकटाच मोकळ्या मैदानात. ७५ यार्ड. त्या दिवशी तो पळून एकूण १९९ यार्ड गेला आणि सामना ६२-२४ असा एकतर्फी झाला.

आता गंमत बघा. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात त्या हाइझमन ट्रॉफीचं मतदान बोल सामन्यांच्या आधीच उरकलेलं असतं. त्या, म्हणजे १९९५ च्या हंगामाची ट्रॉफी ओहायो स्टेटच्या एडी जॉर्जला मिळाली, फ्रेझियर दुसरा. ही धाव त्यानंतरची. आणि माझ्या लाडक्या क्राउचला २००१ मध्ये हाइझमन मिळाली, पण त्याच हंगामात टीमने कोलोरॅडोकडून ६२ गुण खाल्ले आणि रोझ बोलमध्ये मायामीने ३७-१४ ने धुतलं. म्हणून ट्रॉफी हा पुरावा म्हणून आणा, निकाल म्हणून नको.

एक युक्ती मी उशिरा शिकले, पण सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडते: आपल्या उमेदवाराविरुद्धचा सगळ्यात घट्ट मुद्दा आपणच आधी मांडायचा. मी फ्रेझियरची बाजू घेते तेव्हा सुरुवातच ब्रुक बेरिंजरपासून करते. १९९४ मध्ये पायातल्या रक्ताच्या गाठींमुळे फ्रेझियर हंगामाच्या सुरुवातीलाच बाहेर बसला, त्याच्या जागी बेरिंजर आला, आणि टीम जिंकतच राहिली. १३-०. मग फ्रेझियर मोठा की ती टीमच मोठी? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की त्या हंगामाच्या ऑरेंज बोलमध्ये मायामीपुढे मागे पडल्यावर चौथ्या क्वार्टरला ऑसबर्नने पुन्हा फ्रेझियरलाच मैदानात पाठवलं, आणि टीम २४-१७ ने जिंकली. प्रशिक्षकाने ऐन वेळी कोणाला हाक मारली हे मला आकड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं. तुम्हाला पटेलच असं नाही. पण समोरच्याचा बाण आपणच काढून टेबलावर ठेवला की तो जरा गडबडतो खरा.

कॉलेजनंतर एखादा खेळाडू एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, काय करून बसला, हे आमच्या घरात बोलायचं नाही. त्याच रक्ताच्या गाठींमुळे फ्रेझियर एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये त्याने जे केलं ते त्यामुळे कमी होत नाही.

आता लाइनमन, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या फळीतली माणसं. यावर मी जरा रेंगाळणार, कारण इथे सगळेच चुकतात. चेंडू ज्याच्या हातात त्याच्याकडे आपली नजर जाते. पण नेब्रास्काची खरी कमाई समोरच्या फळीतली आहे. आउटलँड ट्रॉफी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनला देतात. ती इथल्या आठ जणांनी मिळून नऊ वेळा मिळवली आहे, इतर कुठल्याही विद्यापीठापेक्षा जास्त. आठ जण आणि नऊ ट्रॉफ्या, कारण सेंटर (फळीच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा) डेव्ह रिमिंग्टनने १९८१ आणि १९८२ अशी लागोपाठ दोनदा नेली. आज देशातल्या सर्वोत्तम सेंटरला जी ट्रॉफी देतात तिचं नावच रिमिंग्टन ट्रॉफी. ज्याच्या नावाने बक्षीस निघालं तो आपल्या पहिल्या पाचांत नसेल, तर यादी पुन्हा करायला घ्या.

लाइनमनचे आकडे नसतात, मग भांडायचं कशावर? फिल्म लावा, चेंडू सुटेपर्यंत सेंटरवरच नजर ठेवा, आणि त्याच्यासमोरचा माणूस दोन सेकंदांनी कुठे आहे ते बघा. असे दहा डाव पाहिलेत की बोलायला पुरेसं सापडतं. बचावातल्यांचं असंच: टॅकल (धरून पाडणं) आणि सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं) यांचे अधिकृत राष्ट्रीय आकडे एनसीएए २०००पासून ठेवते, त्याआधीचे त्या त्या विद्यापीठाने आपापल्या पद्धतीने मोजलेले. १९७१ च्या त्या ओक्लाहोमा सामन्यात नेब्रास्काच्या रिच ग्लोव्हरच्या नावावर २२ टॅकल लागतात. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याला आउटलँड मिळाली. तरी वादात त्याचं नाव मीच काढते, एरवी कोणाला आठवत नाही.

हरलेला सामनाही बाजूला टाकू नका. माझ्या मुलीचा उमेदवार एंडामुकोंग सू, आणि तिचा सगळा खटला एका पराभवावर उभा आहे. डिसेंबर २००९, टेक्सासविरुद्ध बिग १२ या विद्यापीठांच्या गटाची अंतिम लढत. ती तेव्हा सहा वर्षांची होती, झोपायची वेळ टळून गेली होती. सूने त्या रात्री टेक्सासचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय याला साडेचार सॅक केले. अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला. मॅकॉयला एका हाताने धरून चिंधीसारखा भिरकावताना पाहून ती सोफ्याच्या मागे लपली होती. नेब्रास्काच्या आक्रमणाला एकही टचडाऊन जमला नाही, किक मारून तीन-तीन गुणांचे चार फील्ड गोल तेवढे झाले. तरी शेवटच्या क्षणी १२-१० अशी आघाडी होती. घड्याळात शून्य लागलं, मग पंचांनी फिल्म पाहून एक सेकंद परत दिला, आणि टेक्सासने ४६ यार्डांची किक मारून १३-१२ ने सामना नेला. हाइझमनच्या मतदानात सू चौथा आला. मी तिला म्हटलं, "अगं, पण हरलेच ना ते." ती म्हणाली, "आई, तो हरला नाही. बाकीचे हरले." यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आणि हो, ज्याचा खेळ पहिल्यांदा पाहिला तोच प्रत्येकाला सगळ्यात मोठा वाटतो. आजोबांना रॉजर्स, मुलीला सू, मला क्राउच. म्हणून वाद सुरू करताना प्रत्येकाने आधी सांगून टाकावं, "मी पहिल्यांदा अमक्याला पाहिलं," आणि त्याला आपल्या यादीत वर चढवायचं असेल तर इतरांपेक्षा एक पुरावा जास्त द्यावा. या नियमाने माझा क्राउच सातवा झाला. मला वाईट वाटलं, पण नियम मीच सुचवला होता.

आमची यादी आजोबांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे, पेन्सिलने लिहिलेली. माझ्या हट्टाने फ्रेझियर पहिला, रॉजर्स दुसरा. रिमिंग्टन तिसरा. चौथ्या जागी रोझियर आणि सू एकमेकांना खोडत असतात, तिथला कागद आता पातळ झालाय. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले की परत येताना पहिल्या दोन नावांवर नजर टाकते. आजोबांच्या खिशात खोडरबर असतं. किकऑफ झाला की मात्र कोणी उठायचं नाही, पेन्सिल टेबलावर. हाफटाइमला पुन्हा बघू.