बारावीनंतर गोव्यातलं कॉलेज: पहिल्या सत्राआधी समजून घ्यायच्या गोष्टी

शिकवतं कॉलेज, पदवी देतं गोवा विद्यापीठ. हे डोक्यात पक्कं असलं, की कुठल्या कामाला कुठलं ऑफिस गाठायचं ते चुकत नाही. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झालं, तेव्हा गोव्याला विद्यापीठच नव्हतं. दोन्ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. घरातल्या ज्येष्ठांच्या पदवीवर मुंबईचं नाव दिसतं ते त्यामुळे. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४चा, कामकाज सुरू झालं १ जून १९८५ला. आता काही कॉलेजं स्वायत्त आहेत. ती अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच. त्यामुळे दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राच्या नोट्स घेण्याआधी दोघांचा अभ्यासक्रम जुळतो का ते बघा.

प्रवेशात गाडी अडते ती बहुधा नावावर. गोव्यात जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी वळणाचं आणि आधारवर तिसरंच, असं सर्रास आढळतं. नाईक, कामत, परब यांना विचारा! शाळेत हे खपून जातं. कॉलेजात मात्र क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे तासांवर मोजलेले अंक, ज्या डिजिटल खात्यात जमा होतात, ते एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातं आधारवरच्या नावाने उघडतं आणि निकाल कॉलेजातल्या नोंदीप्रमाणे लागतो. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर क्रेडिट्स खात्यावर चढायला अडचण येते. आधारची दुरुस्ती बारावीचा निकाल लागायच्या आधीच उरका; जूनमध्ये सगळेच रांगेत असतात. रहिवासी दाखला लागणार असेल तर मामलेदार कचेरीतही तेव्हाच अर्ज टाका.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिट्सची, चार वर्षांची ऑनर्स १६०ची, म्हणजे सत्राला साधारण २०. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. विज्ञानाच्या मुलांची दुपार लॅबमध्ये का जाते, ते या हिशेबात आहे: तीन क्रेडिट थिअरी आणि एक प्रॅक्टिकल असलेल्या पेपराला ७५ तास बसावं लागतं, निव्वळ थिअरीच्या चार क्रेडिटांना ६०. हजेरी ७५ टक्के धरली तर त्या ६० तासांतले १५ हातात राहतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण चवथीच्या सुट्टीला पुढे-मागे जोडलेले दोन-दोन दिवस, तापाचा एक आठवडा आणि पावसात चुकलेल्या सकाळच्या बसेस, एवढ्यात ते संपतात. एनसीसी किंवा एनएसएसच्या कामासाठी तास बुडाले असतील तर पत्र त्याच आठवड्यात द्या. सत्राच्या शेवटी आणलेल्या पत्रांचा ढीग कुणी आनंदाने वाचत नाही. बुडालेलं प्रॅक्टिकल तर सहसा भरून निघत नाही, कारण पुढच्या बॅचला टेबल मोकळं नसतं.

आयएसए, म्हणजे सत्रातल्या छोट्या चाचण्या, हलक्यात घेऊ नका. त्यांचे गुण सत्रान्त परीक्षेच्या गुणांत मिळवले जातात.

मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडताना चौथ्या वर्षाचाही विचार हवा. संशोधनासह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के मागितले आहेत, म्हणजे पहिलं सत्रही मोजलं जातं. चार वर्षं केलीत तर पुढचं एमए किंवा एमएस्सी एका वर्षात होऊ शकतं. तीनवर थांबलात तर दोन वर्षं लागतात.

सत्तरी किंवा पेडण्यातून पणजीला ये-जा करणाऱ्यांनी विषय ठरवण्याआधी वेळापत्रक मागून घ्यावं. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत लांबलं की गावची शेवटची बस निघून जाते. कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, सवलतीच्या पाससाठी कॉलेजचा बोनाफाईड दाखला लागतो. प्रवेशाच्या दिवशीच मागा आणि दोन प्रती घ्या, दुसरी शिष्यवृत्तीच्या अर्जाला उपयोगी पडते.