इम्प्लांटवर दात लवकर बसवायचाय? मग डॉक्टरांना हे आकडे विचारा

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात घातलेला स्क्रू, तो बसवला की पहिला प्रश्न हाच, डॉक्टर दात कधी? आणि कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं आमचं कोटिंग भारी, ३ आठवड्यात दात. थांबा जरा.

स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या डॉक्टरांनी १९६५ साली पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे स्क्रू बसवले, ते गुळगुळीत कातलेले होते, म्हणून पुढे नियमच पडला की खालच्या जबड्यात ३-४ महिने आणि वरच्या जबड्यात ६ महिने स्क्रूवर भार द्यायचा नाही. आता वाळूसारख्या कणांचा मारा करून मग ॲसिडने खरवडलेला सरफेस मिळतो, त्याला एसएलए म्हणतात, त्यावर हाड लवकर धरतं, चांगल्या हाडात ६ आठवड्यात दात देता येतो. त्याचाच पाणी ओढून घेणारा प्रकार आहे त्यात ३-४ आठवडेही चालतात. हायड्रॉक्सीॲपटाइटचं, म्हणजे हाडात असतं तसल्या कॅल्शियमच्या खनिजाचं कोटिंग मऊ हाडात पटकन पकडतं हे खरं, पण जुन्या जाड कोटिंगचे पापुद्रे सुटल्याच्या तक्रारी होत्या, त्यामुळे कोटिंग कुठल्या पद्धतीने केलंय हे जरूर विचारा.

आता खरी गोष्ट. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसत्या आवळण्यामुळे. मग भोवतीचं दाबलेलं हाड शरीर काढून टाकतं आणि नवीन हाड भरत जातं, आणि या अदलाबदलीत साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात ढिली असते, दुखत मात्र काहीच नसतं म्हणून लोक नेमकं तेव्हाच चिक्की फोडतात!! स्क्रू हाडात १५० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.१५ मिलिमीटरच्या वर हलत राहिला तर हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार होतो, मग कुठलंही कोटिंग कामाचं नाही. चांगला सरफेस हा ढिला काळ कमी करतो, पुसून टाकत नाही.

म्हणून दोन आकडे मागा. बसवताना टॉर्क, म्हणजे स्क्रू आवळायला लागलेला जोर, किती आला, लवकर दात द्यायचा तर ३५ न्यूटन सेंटीमीटरच्या आसपास तरी बरा. आणि आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट हाडात किती स्थिर आहे त्याचा आकडा, किती, हे १ ते १०० मध्ये मोजतात, ७० च्या वर असेल तर मला धीर येतो, ६० च्या खाली असेल तर मी सरळ थांबा म्हणते. आणि एकदा मोजून भागत नाही, बसवताना एकदा आणि दात द्यायच्या आधी परत, आकडा घसरलेला दिसला तर अजून काही आठवडे जाऊ द्या. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड मऊ असतं, तिथे घाई नकोच.

शुगर कंट्रोलमध्ये नाही, सिगरेट चालू, रात्री दात खाता, हे लपवू नका, तंबाखू मिश्री पण सांगा. हाडं ठिसूळ होतात त्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगायचं.

तात्पुरता दात दिला तर तो समोरच्या दाताला टेकत नाही ना हे तिथेच खुर्चीत बघून घ्या. भाकरी दुसऱ्या बाजूने, तीही दुधात कुस्करून, सुपारी शेंगदाणे बंद. आणि दात हलतोय वाटलं तर गप्प बसू नका, नुसता दाताला इम्प्लांटवर धरून ठेवणारा वरचा छोटा स्क्रू सैल झाला असेल तर तो परत घट्ट करता येतो, पण खालचा इम्प्लांटच हलत असेल तर बहुतेक वेळा तो काढून हाड भरू द्यावं लागतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून.