न्यू जर्सीतल्या नोंदणीकृत वास्तू: गाडी काढण्याआधीची यादी

भारतातून आई-बाबा आले की पहिल्या दोन महिन्यांत नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर उरकतं. ओक ट्री रोडवरची वाणसामानाची फेरी त्यांना पाठ होते. पुढचे शनिवार-रविवार रिकामे पडतात, त्यांच्यासाठी ही तयारी. न्यू जर्सीत 21 काउंट्या आहेत आणि एकही काउंटी अशी नाही की जिथली एखादी वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत चढलेली नाही. ही नोंदवही 1966च्या कायद्यानं सुरू झाली, ती नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. तिच्यात घरं, पूल, दीपगृहं, गिरण्या, रेल्वे स्थानकं आहेत, तशीच अख्खी गावंही आहेत.

पण नोंदवही म्हणजे सहलीच्या ठिकाणांची यादी नव्हे, हे आधी घरच्यांना सांगून ठेवा. नोंद झालेली बरीचशी घरं खासगी आहेत, तिथे माणसं राहतात, मुलांच्या सायकली पोर्चमध्ये पडलेल्या असतात. म्हणून काउंटीची यादी समोर घेऊन तिचे तीन भाग करा: आत जाता येतं अशा वास्तू, रस्त्यावरूनच बघायच्या वास्तू आणि सोडून द्यायच्या. तिसऱ्या भागात उत्खननाच्या जागा येतात. त्यातल्या अनेकांचा पत्ता मुद्दाम दिलेलाच नसतो, उकरणाऱ्यांच्या भीतीनं. शिवाय इमारत अजून उभी आहे का, हेही बघून घ्या. नोंद झाली म्हणजे ती पाडता येत नाही असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. मालक स्वतःच्या पैशानं पाडत असेल आणि केंद्र सरकारचा निधी किंवा परवाना मध्ये नसेल, तर नुसती राष्ट्रीय नोंद त्याला अडवत नाही. अडवला तर गावाचा स्थानिक नियम अडवतो. राज्याच्या वारसा कार्यालयाचा ऑनलाइन नकाशा आहे, त्याचं नाव लूसी. आदल्या रात्री त्यावर ठिपके बघून मार्ग आखला की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं वाचनाचं, आणि माझ्या मते हीच सगळ्यात दुर्लक्षित तयारी. प्रत्येक वास्तूसाठी नोंदणीचा अर्ज भरलेला असतो आणि बहुतेक अर्ज स्कॅन करून ठेवलेले आहेत. सातव्या भागात वास्तूचं वर्णन असतं, आठव्यात तिचं महत्त्व का, ते. 1970च्या दशकातले अर्ज दोन-चार पानांत आटोपतात, अलीकडचे छोट्या प्रबंधाएवढे असतात. सातवा भाग फोनवर उतरवून घ्या. कुठली खिडकी मूळची, कुठला सज्जा मागाहून जोडलेला, हे त्यात लिहिलेलं असतं. ते हातात असलं की रस्त्यावर उभं राहूनही अर्धा तास मजेत जातो. नसलं की 'जुनं घर आहे' म्हणून सगळे पाच मिनिटांत गाडीत.

ऋतू बघून काउंटी निवडा. मनमथ काउंटीतल्या सँडी हूकचं दीपगृह 1764चं, अजून चालू असलेल्या अमेरिकन दीपगृहांत सर्वांत जुनं. पण उन्हाळ्यात तो रस्ता समुद्रकिनाऱ्यावर निघालेल्यांचा असतो आणि पार्किंगचे पैसेही पडतात. सप्टेंबर उलटल्यावर जा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ट्रेंटनसाठी राखून ठेवा. स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती जॉर्ज वॉशिंग्टननं 1776च्या नाताळच्या रात्री डेलावेअर नदी ओलांडून 26 तारखेला सकाळी इथल्या ब्रिटिशांच्या बाजूच्या सैन्यावर हल्ला केला. त्या ओलांडण्याचा प्रयोग दरवर्षी नाताळला होतो, मात्र नदीला पाणी किंवा वारा जास्त असला तर होड्या निघत नाहीत. सकाळी चौकशी करूनच कानटोप्या शोधा. ट्रेंटनमधली 1758ची जुनी बराक तर आहेच. बर्लिंग्टन काउंटीतलं बॅट्स्टो हे पाइनच्या रानातलं जुनं लोखंडाचं गाव. दलदलीत साचणाऱ्या कच्च्या लोखंडावर त्याची भट्टी चाले आणि स्वातंत्र्ययुद्धात सैन्याला माल पुरवी. तिथे पूर्ण पायजमे, बंद बूट आणि परतल्यावर गोचीड तपासणी. ही शेवटची गोष्ट टाळू नका, लाइम आजार हा इथला खरा त्रास आहे.

मला स्वतःला विचाराल तर यादीत सर्वांत वर सेलम काउंटी लिहा, जिथे कोणीच जात नाही. एडिसनहून दीड तासाच्या वर लागतात आणि शेवटची अनेक मैलं शेतंच शेतं. तिथली हँकॉक हाऊस ही 1734ची वास्तू राज्य सरकारच्या ताब्यात आहे. तिच्या बाजूच्या भिंतीवर निळसर-करड्या विटांची झिगझॅग नक्षी आहे, वर घर बांधणाऱ्या विल्यम आणि सारा या नवरा-बायकोची आद्याक्षरं आणि साल. रंग कुठून आला? भट्टीत जळाऊ लाकडाच्या आगीशी लागून असलेल्या विटांच्या टोकांवर राखेतल्या क्षारांमुळे काचेसारखी झिलई चढते. त्या विटा फेकून न देता गवंड्यानं वेगळ्या काढल्या आणि भिंतीत चित्रासारख्या बसवल्या. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्यांनी भिंतीवर स्वतःचं नाव एवढं मोठं लिहावं, याची मला गंमत वाटते. मार्च 1778मध्ये याच घरात झोपलेल्या स्थानिक सैनिकांवर ब्रिटिशांच्या तुकडीनं संगिनी चालवल्या. घराचा मालक न्यायाधीश हँकॉक ब्रिटिशांच्याच बाजूचा, तोही त्यात जखमी होऊन मरण पावला. अशा नक्षीची आणखी घरं आसपासच्या शेतांत आहेत, पण ती खासगी. दुर्बीण बरोबर घ्या, गाडी कडेला घ्या, आत शिरू नका.

बरोबर गिरणगावात वाढलेलं कोणी असेल तर पॅसेइक काउंटीतलं पॅटरसन. 77 फुटांच्या धबधब्याच्या जोरावर कारखान्यांचं शहर उभारायचं, ही अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या पुढाकारानं 1791मध्ये निघालेल्या कंपनीची कल्पना. पाण्याचे पाट अजून दिसतात, विटांच्या गिरण्याही. पुढे हे रेशमाचं शहर झालं आणि 1913मध्ये इथल्या कामगारांनी मोठा संप केला. संपाची गोष्ट आधी वाचून जा, कारण आजोबा विचारणारच आणि गाइडची वाट बघत बसण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. जवळच 1932चं हिंचलिफ स्टेडियम आहे. गोऱ्यांच्या संघांत जागा नसलेले कृष्णवर्णीय बेसबॉल खेळाडू तिथे खेळत.

गुडघ्यांचा हिशेब प्रामाणिकपणे करा. केप मेच्या दीपगृहाला 199 पायऱ्या, बार्नेगटच्या 'ओल्ड बार्नी'ला 217, तेही गोल जिना. 'आम्ही सिंहगड चढलोय' हे उत्तर 1985चं आहे, ते मान्य करू नका. मारगेटमधल्या लूसी हत्तिणीच्या पोटात जायलाही अरुंद चक्री जिना आहे. जमिनी विकायच्या म्हणून गिऱ्हाइकांना खेचायला जेम्स लॅफर्टीनं 1881मध्ये बांधलेली ही 65 फुटी लाकडी-पत्र्याची हत्तीण आज राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू आहे. वर न चढणाऱ्यांना खालून फोटो मिळतोच, आणि अंबारीसकट हत्ती बघून आजी खूश होतात.

वस्तीत जायचं असेल तर वागण्याचीही तयारी हवी. मनमथ काउंटीतलं रूझवेल्ट हे 1930च्या दशकात ज्यू शिवणकामगारांसाठी सरकारनं वसवलेलं गाव, सपाट छपरांची साधी घरं. तिथलं चित्रकार बेन शान यांचं भित्तिचित्र शाळेत आहे, म्हणून शाळेला आधी फोन करा. बर्गन काउंटीतलं रॅडबर्न 1929चं. मोटारींचे रस्ते वेगळे, पायवाटा वेगळ्या. चारजणांनी हळू चाला, बारा जणांचा गोंगाट नको, आणि ड्रोन तर मुळीच नको.

सामानात पाणी, गोड दशम्या किंवा पोळीभाजी, कारण सेलम आणि पाइनच्या रानात शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइजवर भागवावं लागतं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, रानात सिग्नल जातो. काही छोट्या घर-संग्रहालयांना सुटे डॉलर लागतात. बरीचशी सोमवारी-मंगळवारी बंद, काही तर महिन्यातून ठरावीक रविवारीच उघडतात. तेव्हा संकेतस्थळावरची वेळ बघूनही फोन करा. पेट्रोल राज्यातच भरा, इथे स्वतः उतरून भरायची सोयच नाही, त्यामुळे थंडीत बरं पडतं.

केप मे मुक्कामासाठी ठेवा. 1878च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि लोकांनी पुन्हा लाकडीच, नक्षीदार घरं बांधली. 1976मध्ये सबंध गावच राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं. 1879चं एम्लेन फिझिक इस्टेट आतून बघता येतं. खोली मात्र उन्हाळा सोडून घ्या, दर उतरतात, आणि बुक करताना तळमजला आहे का ते विचारा. या जुन्या घरांमध्ये लिफ्ट असेलच असं धरून चालू नका.