मोबाईलवर डॉक्टरला दाखवताय? मग या चुका टाळा

आधीच सांगून टाकते, मी ऑनलाइन उपचारांच्या विरोधात नाहीये. आपल्याकडे खानदेशात धडगाव, अक्कलकुवा, साक्री, रावेर अशा ठिकाणाहून पोराला घेऊन मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे नाशिक नाहीतर पुणे-मुंबई, त्यात दोन दिवसांचा रोज बुडतो, गाडीत पोरगं रडून रडून दमतं आणि डॉक्टरांसमोर जाईपर्यंत झोपलेलं असतं. त्यापेक्षा घरून व्हिडिओ कॉल कधीही बरा. मी विशेष शिक्षिका आहे, मुलांबरोबर काम करते आणि गावाकडच्या घरांना ऑनलाइन सेशन लावून देणं, रिपोर्ट गोळा करणं, वेळा जुळवणं हेही माझ्याकडेच येतं. त्यामुळे कुठल्या घरात काय चुकणार हे मला आता फोन लागायच्या आधीच कळतं.

मूळ गोष्ट एवढीच आहे की दवाखान्यात डॉक्टर स्वतः बघून घेतात. पोरगं दारातून कसं आलं, आईला धरून बसलं का, खुर्चीखाली शिरलं का, पेशंटच्या हाताला कंप आहे का, आंघोळ केलीय का. मोबाईलवर त्यांना दिसतं फक्त कपाळ आणि वरचा पंखा. बाकीचं दाखवायचं आणि सांगायचं काम आपल्यावर येतं आणि तेच कोणी करत नाही, फी भरली म्हणजे झालं असं धरून चालतात.

माजघरात सेशन

ही माझी सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. यावल तालुक्यातली एक मुलगी, नीट परीक्षेची तयारी करणारी, झोप उडालेली, पुस्तक उघडलं की छातीत धडधड. घरच्यांनी ऑनलाइन समुपदेशन लावून दिलं, इथपर्यंत कौतुकच. पण सेशन कुठे, तर माजघरात. फोन टेकवलेला धान्याच्या कोठीला, शेजारी आजी तुरी निवडतेय, काकू येता जाता डोकावतेय, आणि वडील दारात खुर्ची टाकून बसलेले, कारण "पैसे आपण भरतोय, काय बोलतात ते कळायला नको का". आता सांगा, त्या पोरीने काय बोलायचं? मॅडम विचारतात झोप कशी आहे, ही म्हणते बरी आहे. घरी कसं वाटतं, छान वाटतं. प्रत्येक सेशनला हेच. समुपदेशक बाईंनी शेवटी लिहून दिलं की सुधारणा चांगली आहे, आणि त्याच आठवड्यात पोरीने खाणं सोडलं.

मग मी वडिलांशी भांडले, हो भांडलेच. त्यांना म्हटलं आप्पा, तुम्ही डॉक्टरकडे मूळव्याध दाखवायला जाता तेव्हा अख्खी भावकी आत नेता का? ते गप्प बसले. फैजपूरला मुलीच्या मावशीचं घर होतं, तिथे आठवड्यातली एक दुपार ठरवली, वरची खोली, दाराला कडी, कानात हेडफोन. पहिल्याच सेशनला ती पाऊण तास बोलली म्हणे. काय बोलली ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या माणसाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, तो काय फक्त मुंबईच्या लोकांसाठी नाही दिलेला.

वेगळी खोली नसते हे मला कळतं, आपली घरं कशी असतात ते मलाही माहीत आहे. पण उपाय निघतो. घरातले शेतात गेल्यावरची वेळ मागून घ्या, हेडफोन लावा म्हणजे समोरच्याचे प्रश्न तरी कोणाला ऐकू जात नाहीत, आणि जे तोंडाने बोलता येत नाही ते चॅटमध्ये टाइप करा. सुरुवातीलाच समोरच्याला सांगून ठेवा की कोणी आत आलं तर मी अभ्यासाचा विषय काढेन, तेव्हा तुम्ही समजून घ्या. चांगला समुपदेशक हे स्वतःच विचारतो. ज्याने पहिल्या सेशनला "आजूबाजूला कोणी आहे का" एवढंही विचारलं नाही तो बदला.

एक आणखी, मोटारसायकल बाजूला लावून रस्त्यावर सेशन घेणारे दादा लोक. बापरे. मागून ट्रॅक्टर जातोय आणि हे सांगताहेत मला आजकाल रडू येतं. घरी नेट नसेल तर व्हिडिओचा हट्ट सोडून साधा फोन चालेल का ते आधी विचारा, पुढच्या फेऱ्यांना बऱ्याचदा चालतो.

कान न तपासता ऑटिझम ठरवणं

चोपड्याकडचं एक पोरगं, अडीच वर्षाचं, बोलत नव्हतं. आजी म्हणायची "तेना बाप बी उशिराच बोलना", त्यामुळे घरात कोणाला घाई नव्हती. आई मात्र रील बघायची, नावाने हाक मारली तर बघत नाही म्हणजे ऑटिझम (स्वमग्नता) असं तिने कुठेतरी ऐकलं, मग ऑनलाइन एक चाचणी भरली, स्कोर जास्त आला, आणि त्याच रात्री एका थेरपी कोचने तिला पॅकेज विकलं. डॉक्टर नाही, कोच. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, रोज अर्धा तास स्क्रीनसमोर बसवून "लुक ॲट मी" शिकवायचं. पोरगं बसेना, आईला सांगितलं तुम्ही कडक नाही.

माझ्याकडे आले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला की कानाची तपासणी झालीय का. नाही. कोणी सांगितलंच नाही. मी त्याच्या मागे उभी राहून स्टीलचं ताट वाजवलं, त्याने मान वळवली नाही, आणि फरशीवर पाय आपटला तर लगेच वळून बघितलं, कारण ती थरथर पायाला कळते. ताट वाजवणं ही काही तपासणी नाही, घरी करून समाधान मानू नका. नीट तपासणी म्हणजे ओएई आणि बेरा या कानाच्या चाचण्या, मूल झोपलेलं असताना मशीनवर करतात, ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकण्याचा तज्ज्ञ करतो आणि ती कुठल्याही ॲपवर होत नाही. बेरा केली, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. श्रवणयंत्र लागलं, स्पीच थेरपी सुरू झाली, ती आजही ऑनलाइनच चालते आणि छान चालते. पण मधले महिने वाया गेले ते गेलेच, आणि भाषा शिकायच्या वयात महिने फार महाग असतात.

ऐकू न येणं आणि ऑटिझम दोन्ही एकाच मुलात असू शकतं, म्हणून एकाचं नाव सापडलं की दुसरं शोधणं सोडायचं असंही नाही. बोलायला उशीर असेल तर आधी कान, हा माझा हट्ट आहे, आणि मी पोराला सेशनच लावून देत नाही जोपर्यंत रिपोर्ट हातात येत नाही. लोक चिडतात. चिडू देत.

आणि ती ऑनलाइन चाचणी. ऑटिझमची शंका आहे का ते बघायला एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी आहे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, चांगली आहे, पण ती चाळणी आहे, निदान नाही. स्कोर जास्त आला याचा अर्थ आता तज्ज्ञाकडे जा, एवढाच. चार वर्षाच्या पोराला ती भरून "हाय रिस्क आलं" म्हणून मला स्क्रीनशॉट पाठवू नका.

तपासणीसाठी पैसे नाहीत म्हणणाऱ्यांना सांगते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत येते, आणि जिल्ह्याच्या पातळीवर डीईआयसी नावाचं केंद्र याच कामासाठी असतं. अंगणवाडी ताईला विचारा. फुकट आहे म्हणून वाईट आहे असं समजायची आपल्याकडे एक वेगळीच खोड आहे.

पोराला कॅमेऱ्यासमोर उभं करून "बोल ना डॉक्टरांशी"

नाही बोलणार. माझ्याशीही नाही बोलत. आदल्या आठवड्यात दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा: जेवताना, एकटा खेळताना, मागून हाक मारल्यावर, चिडल्यावर. व्हिडिओ काढताना सूचना देऊ नका, हसवू नका, आणि ते भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. घरी अहिराणी किंवा पावरी बोलत असाल तर तेही पहिल्या मिनिटाला सांगा, नाहीतर पुण्याच्या मॅडम पुस्तकी मराठीत चेंडू दाखव म्हणतील, पोरगं गप्प बसेल आणि त्याला काही समजतच नाही असं रिपोर्टात येईल.

समोर कोण बसलंय ते न बघणं

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, औषध तोच लिहितो, चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, क्रमांक मागा, खरा माणूस लगेच देतो. माझाही मागा. लाइफ कोच, माइंड कोच, पॅरेंटिंग एक्स्पर्ट यांना कोणी मोजतच नाही, फक्त फॉलोअर मोजतात. "ऑटिझम शंभर टक्के बरा" असं जिथे लिहिलं असेल तिथून उठा, आणि स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचार कोणी सुचवले तर दुप्पट वेगाने उठा, ऑटिझमसाठी त्यांची शिफारस नाही हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ सालीच सांगून ठेवलंय.

औषधांचे शहाणपण

बरं वाटलं की बंद करणारे. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं. मग म्हणतात गोळीची सवय लागली. बंद करायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू.

जुनी चिठ्ठी दाखवून भावासाठी तीच गोळी आणणारे. यांच्यावर मी शब्द खर्च करत नाही.

एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) मिथाइलफेनिडेट गोळी ऑनलाइन लिहून द्या म्हणून डॉक्टरशी वाद घालणारे. ती शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येते आणि २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार शेड्यूल एक्सची औषधं ऑनलाइन लिहिताच येत नाहीत. डॉक्टर अडवत नाहीये, नियम आहे. त्या भेटीसाठी एकदा प्रत्यक्ष जा.

लिथियम (मूड फार वर-खाली होण्याच्या आजारावरची गोळी) चालू असणाऱ्यांनी मात्र हे नीट वाचा, कारण लांबच्या शहरातल्या डॉक्टरच्या डोळ्यासमोर आपला मे महिना नसतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, माणूस केळीच्या बागेत दिवसभर राबतो, घाम जातो, पाणी कमी पडतं, आणि शरीर कोरडं पडलं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. अंगदुखीसाठी दुकानातून ब्रुफेनसारखी गोळी आणून खाल्ली तर आणखी वाढतं. हाताला जास्त कंप, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन, नाही लागला तर जवळचा दवाखाना. लिथियमची रक्ततपासणी ठरल्या वेळी करायचीच, आणि उन्हाळा लागायच्या आधी "मी उन्हात काम करतो" हे डॉक्टरला स्वतःहून सांगायचं.

तीन सेशनमध्ये फरक मागणं

"मॅडम, तीन झाले, काही फरक नाही, दुसरा बघू का?" कापूस पेरून पंधरा दिवसांत वेचणीला कोणी जात नाही, पण पोराच्या बाबतीत सगळ्यांना जाता येतं. थेरपिस्ट आठवड्यातून पाऊण तास दिसतो, बाकी आठवडा पोरगं तुमच्याकडे असतं, त्याने दिलेला घरचा सराव केला का ते आधी सांगा. मी घरच्यांना वही घालायला लावते, साधी दोन रुळांची, रोज एक ओळ, काय केलं आणि काय झालं. वही नसेल तर मी थेरपिस्ट बदलायच्या गप्पा ऐकत नाही. वही असून तीन-चार महिन्यांत खरंच काही हललं नसेल तर बदला, मीच नवीन शोधायला मदत करेन.

जीव द्यायच्या गोष्टी निघाल्यावर ॲपमध्ये स्लॉट शोधणं

इथे मस्करी नाही. कोणी मरायचं बोलत असेल तर उद्या साडेचारचं सेशन हा उपाय नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात टाका, आपल्या कापसाच्या गावांत ते खाटेखालीच पडलेलं असतं. काही पोटात गेलंच असेल तर १०८, उलटी करायला लावू नका, आणि डबा सोबत न्या म्हणजे डॉक्टरला कळतं काय गेलंय.

ऑनलाइन रिपोर्ट म्हणजेच सर्टिफिकेट असं समजणं

ऑनलाइन तपासणीचा पीडीएफ उपचारासाठी उपयोगी आहे, सवलतीसाठी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजारही आहे, पण प्रमाणपत्र सरकारने नेमलेलं वैद्यकीय मंडळच देतं. अर्ज युडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) साइटवर भरता येतो, तपासणीला मात्र पोराला घेऊन सरकारी दवाखान्यातच जावं लागतं. ऑनलाइनचे सगळे रिपोर्ट प्रिंट काढून, तारखेप्रमाणे लावून, शाळेचं पत्र वर ठेवून जा, काम सोपं होतं. दहावीला जास्तीचा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर हे आठवी-नववीतच उरकायचं असतं. बोर्डाचे फॉर्म सुटल्यावर रात्री साडेदहाला मला फोन करून "ताई, उद्यापर्यंत होईल का" विचारणाऱ्यांना उत्तर आत्ताच देऊन ठेवते, नाही होणार.