वर्गाची बैठक घ्यायची कशी?

‘सर्वांशी प्रेमाने वागा’ असा सुविचार परिपाठाला रोज म्हणवून घेतला तरी मधल्या सुट्टीत एकटं उभं राहणारं पोर एकटंच राहतं. त्यासाठी आठवड्यातून एकदा वर्गाची बैठक लागते. तिसरी-चौथीला वीस मिनिटं, पहिली-दुसरीला दहा. शनिवारची सकाळ बरी. सतरंजीवर गोल करून बसा, गुरुजी-बाईंनीही खालीच. पहिल्या दोन-तीन बैठका खिचडीची रांग, सहलीचे खेळ अशा साध्या विषयांवर घ्या.

खरी कसोटी तंट्याच्या बैठकीत लागते. ‘कोणी केलं?’ असं विचारलंत की बैठकीचं कोर्ट झालं. ज्यानं तक्रार केली, त्यालाच शाळा सुटल्यावर वाटेत मार बसतो आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. म्हणून नाव घ्यायचंच नाही, फक्त घडलेलं सांगायचं: ‘डावात काहींना घेत नाहीत.’ मग तीन प्रश्न, याच क्रमाने: तसं झालं की कसं वाटतं? असं का होत असेल? आपण काय करून पाहायचं? प्रत्येक प्रश्नानंतर मनात दहा अंक मोजा. शांतता असह्य होऊन आपणच उत्तर दिलं, की पोरं ‘हो बाई’ म्हणून मोकळी होतात.

ठराव मोजता येईल असाच हवा. ‘चांगलं वागू’ हा ठरावच नव्हे. ‘डाव पाडताना जो उभा असेल त्याला घ्यायचं’ हा ठराव. तो फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्या, पुढची बैठक त्यावरूनच सुरू करा. मारहाण, चोरी बैठकीत आणू नका. त्याबद्दल त्या मुलांना बाजूला बसवून बोला. सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं तर मुळीच नको. शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १७ मानसिक त्रासालाही मनाई करतं.

भाषा सुधारू नका. ‘माले खेयमा कोनी लेत नही’ हे वाक्य अहिराणीतच खरं असतं. नंदुरबारमधल्या धडगावकडे पोर पावरी या आदिवासी बोलीत बोललं आणि तुम्हाला कळलं नाही, तर मोठ्या मुलाला अर्थ सांगायला लावा.

चौथीचं एक मूल, पहिलीचं एक अशी जोडी लावा आणि वर्षभर मोडू नका.

ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेलं मूल परत येतं तेव्हा त्याची जागा भरलेली असते, डावही जमलेले असतात. ते आलं की त्या शनिवारी आधी मागचे ठराव त्याला मुलांकडूनच सांगवा, जुना जोडीदार शेजारी बसवा. ते मूल नसताना वर्गात काय काय शिकवून झालं, ते सोमवारी.